फ्लॉरेन्स: चित्रांच्या मूळ पत्त्यांवर

युरोपच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. कॅथीड्रलच्या चौकात फोटो होतात, सिन्योरिया चौकातली डेव्हिडच्या पुतळ्याची प्रतिकृती दाखवली जाते, पोन्ते व्हेक्यो पुलावरची सोनारांची दुकाने बघून होतात आणि मंडळी पिसाच्या कलत्या मनोऱ्याकडे निघतात. जे मुक्कामाला राहतात त्यांचा निम्मा वेळ उफीत्सी संग्रहालयात जातो, आणि चौथ्या-पाचव्या दालनानंतर सगळ्या मेरी आणि सगळे संत सारखेच दिसू लागतात. यात पाहणाऱ्याचा दोष नाही. ती चित्रे एका ओळीत टांगून बघण्यासाठी काढलेलीच नव्हती. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये प्रत्येक चित्राला आणि पुतळ्याला एक पत्ता होता. अमुक चर्चमधले अमुक घराण्याचे चॅपेल, अमुक मठाची भोजनशाळा, अमुक व्यवसायसंघाचा कोनाडा. पैसे कोण देणार, उजेड कुठल्या खिडकीतून येणार, बघणारा कुठे उभा राहणार, हे सगळे आधी ठरायचे आणि मग कलावंत कामाला लागायचा. यातले बरेचसे काम आजही त्याच जागी आहे. म्हणून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एवढेच आग्रहाने सांगतो, की आधी हे पत्ते गाठा, संग्रहालयांकडे नंतर वळा.

सुरुवात ओरसान्मिकेलेपासून करावी. कॅथीड्रल आणि सिन्योरिया चौक यांना जोडणाऱ्या रस्त्यावर ही उंच, चौकोनी, चर्चसारखी न दिसणारी इमारत उभी आहे. १३३७ मध्ये ती धान्यबाजार म्हणून बांधायला घेतली. खाली उघड्या कमानींत बाजार, वरच्या मजल्यांवर कोठारे. पुढे कमानी बुजवून तळमजल्याचे प्रार्थनास्थळ झाले, पण वरच्या कोठारातून धान्य खाली सोडण्याची भोके आतल्या खांबांत अजून दिसतात.

बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे आहेत आणि त्यांत या शहराची कमाई उभी आहे. फ्लॉरेन्सचा कारभार २१ व्यवसायसंघांच्या हाती होता, सात थोरले आणि चौदा धाकटे. कालिमाला संघाचे व्यापारी उत्तर युरोपातले कापड आणून त्याला इथे रंग आणि तलमपणा देत आणि चढ्या भावाने विकत. लाना हा लोकरवाल्यांचा संघ इंग्लंडची लोकर आणून कापड विणवून घेई. पेढीवाल्यांचा संघ वेगळा, रेशीमवाल्यांचा वेगळा. चित्रकार मात्र वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या संघात मोडत, कारण रंग औषधांच्या दुकानातच मिळत. १२५२ पासून शहराने स्वतःचे सोन्याचे नाणे पाडले. तो फ्लोरिन. सुमारे साडेतीन ग्रॅम जवळजवळ शुद्ध सोने, एका बाजूला लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूला संत जॉन. हे नाणे युरोपभर बिनदिक्कत चाले. त्या पैशाला प्रतिष्ठा हवी होती, आणि ती या कोनाड्यांत मांडली गेली. कोनाडा मिळालेल्या प्रत्येक संघाने आपल्या रक्षक-संताचा पुतळा आपल्या खर्चाने उभा करायचा असा शहराचा दंडक होता.

कालिमालाने लोरेन्झो गिबेर्तीकडून संत जॉनचा पुतळा ब्राँझमध्ये ओतून घेतला. ब्राँझ संगमरवरापेक्षा कितीतरी महाग. मग पेढीवाले मागे कसे राहतील? त्यांनीही गिबेर्तीलाच गाठले आणि संत मॅथ्यूचा पुतळा निदान त्याच उंचीचा तरी हवा, असे करारातच लिहून घेतले. धाकट्या संघांनी संगमरवरावर भागवले, पण त्यांना माणूस मिळाला तो दोनातेल्लो. तागाच्या कापडवाल्यांसाठी त्याने केलेला संत मार्क उशीवर उभा आहे आणि त्या उशीला पावलांखाली खरोखर दबल्यासारखी खळ पडली आहे. लोहारांच्या कोनाड्याखालच्या पट्टीत संत एलिजियस बिथरलेल्या घोड्याचा पायच काढून घेऊन त्याला नाल ठोकतो आहे. दगड आणि लाकूड कारागिरांच्या कोनाड्याखाली नान्नी दी बांको या शिल्पकाराने संघाच्याच लोकांना कामात मग्न कोरले आहे. एक जण भिंत रचतो आहे, दुसरा एका बाळमूर्तीवर छिन्नी चालवतो आहे. आज कोनाड्यांत बहुतेक प्रतिकृती आहेत. मूळ पुतळे त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवले आहेत, आणि चिलखतवाल्यांसाठी दोनातेल्लोने केलेला संत जॉर्ज बार्जेल्लो संग्रहालयात गेला आहे. तरी आधी खाली रस्त्यावर उभे राहून मान वर करून बघावे. हे पुतळे बाजाराला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेच्या हिशेबाने घडवले आहेत.

रेशीमवाल्यांच्या संघाचे सगळ्यात मोठे काम सांतीस्सिमा आनुन्झियाता चौकात आहे, आणि माझ्या मते ते फ्लॉरेन्समधल्या कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाचे आहे. ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती म्हणजे टाकून दिलेल्या बाळांचे घर. १४१९ मध्ये संघाने फिलिप्पो ब्रुनेलेस्कीकडे आराखडा सोपवला. ब्रुनेलेस्की मूळचा सोनार, आणि सोनार रेशीमवाल्यांच्याच संघात गणले जात. त्याने चौकाच्या बाजूला नऊ कमानींची ओसरी काढली. खांबाची उंची, दोन खांबांमधले अंतर आणि ओसरीची खोली ही तिन्ही मापे जवळपास एकच. पुढे वास्तुकलेत ज्या मोजक्या, निवांत प्रमाणबद्धतेचा गौरव झाला ती इथे अनाथ मुलांच्या दारात पहिल्यांदा दिसली. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल आत घेतले गेले. मुलगी होती. तो दिवस संत आगाथाचा म्हणून तिचे नाव आगाता ठेवले. कमानींच्या मधल्या निळ्या वर्तुळांत कापडात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत, ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाने १४८७ च्या सुमारास केली.

आतल्या संग्रहालयात दोन गोष्टींपाशी थांबावे. एक म्हणजे छोट्या खणांत जपून ठेवलेल्या खुणा, मोडून अर्धे केलेले बिल्ले आणि पदके. अर्धा तुकडा बाळाच्या अंगावर, अर्धा आईकडे. कधी दिवस पालटले तर जुळवून मूल ओळखता यावे म्हणून. दुसरी गोष्ट म्हणजे दोमेनिको गिर्लांदायोने या संस्थेच्या चर्चसाठी काढलेले, राजे बाळ येशूची पूजा करतात ते चित्र. त्याचा १४८५ चा करार टिकून आहे. मोबदला ११५ फ्लोरिन, आणि निळा रंग अल्ट्रामरीन, तोही औंसाला सुमारे चार फ्लोरिन दराचा असावा, अशी अट. अल्ट्रामरीन राजवर्ती दगडापासून, म्हणजे लापिस लाझुलीपासून, करतात आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. म्हणजे मेरीच्या अंगावरचा निळा झगा हा उघड-उघड खर्च होता आणि बघणाऱ्यांना तो कळत असे. चित्रात पुढे गुडघे टेकलेली दोन लहान मुले आहेत, डोक्यामागे तेजोवलय आणि अंगावर जखमा. हेरॉद राजाने मारलेली ती निष्पाप बालके. ज्या घरात हे चित्र होते तिथे ती दोन मुले कोणासाठी काढली असतील हे सांगावे लागत नाही.

कॅथीड्रलचा घुमटही याच ब्रुनेलेस्कीचा. त्याची गोष्ट १४०१ पासून सुरू होते. बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझ दरवाजासाठी कालिमालाने स्पर्धा लावली. विषय एकच, अब्राहम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो तो क्षण. गिबेर्ती आणि ब्रुनेलेस्की यांचे दोन्ही नमुने बार्जेल्लोत शेजारी-शेजारी लावले आहेत आणि तिथे अर्धा तास सहज जातो. ब्रुनेलेस्कीच्या पट्टीत देवदूत झेप घेऊन अब्राहमचे मनगट घट्ट धरतो, सुरी मुलाच्या गळ्याशी आलेली आहे. गिबेर्तीचा देवदूत अजून दूर आहे, अब्राहमचा हात अजून उगारलेला, मुलाचे उघडे शरीर शांत आणि सुंदर. नाट्य पहिल्यात जास्त. पण गिबेर्तीने जवळजवळ सगळी पट्टी एकसंध ओतली होती, तिला धातू कमी लागला. ब्रुनेलेस्कीने आकृती वेगळ्या ओतून पत्र्यावर बसवल्या होत्या. पैसे देणारे कापडाचे व्यापारी होते. काम गिबेर्तीला मिळाले, आणि त्या दरवाजात व नंतरच्या दुसऱ्या दरवाजात मिळून त्याची हयात गेली. दुसरा दरवाजा १४२५ ते १४५२ असा चालला. स्वर्गाचे द्वार म्हणून ओळखला जाणारा तो हाच. मूळ दरवाजा आता कॅथीड्रलच्या संग्रहालयात आहे, चौकात दिसते ती प्रतिकृती.

कॅथीड्रलची पायाभरणी १२९६ ची. पुढच्या शंभर वर्षांत भिंती उठल्या, पण मध्यभागी सुमारे ४५ मीटर रुंदीची अष्टकोनी पोकळी, जमिनीपासून पन्नास मीटरहून अधिक उंचीवर, उघडीच राहिली. कमान किंवा घुमट बांधायचा तर खालून लाकडी साचा उभारायचा आणि चुना सुकला की तो काढायचा, ही रीत. इतक्या उंचीवर इतका मोठा साचा उभा करण्याजोगे लाकूड मिळणे अशक्य होते. १४१८ मध्ये लोकरवाल्यांनी स्पर्धा जाहीर केली आणि ब्रुनेलेस्की म्हणाला, साच्याशिवाय बांधतो.

त्याची युक्ती आजही हाताच्या अंतरावरून बघता येते. घुमट दुहेरी आहे, आत एक जाड कवच, बाहेर एक पातळ. ४६३ पायऱ्यांची वाट याच दोन कवचांमधून वर जाते. चढताना विटांच्या थरांकडे लक्ष द्यावे. आडव्या विटांच्या मध्ये ठरावीक अंतराने एकेक वीट उभी बसवलेली दिसते आणि या उभ्या विटांच्या ओळी तिरप्या वळत वर चढत जातात. आतल्या बाजूला झुकलेल्या थरावर ओल्या चुन्यात ठेवलेली वीट घसरायला हवी, पण दोन उभ्या विटांच्या पकडीत ती अडकून राहते. वर्तुळ पूर्ण झाले की तो थर आपल्याच दाबाने उभा राहतो आणि त्यावर पुढचा थर चढवता येतो. घुमट बाहेर फाकू नये म्हणून दगडाच्या आणि लाकडाच्या साखळ्या आत गुंफल्या आहेत. माल वर चढवायला त्याने बैलांवर चालणारे यंत्र केले. बैलांना सोडून उलटे न जुंपता, नुसते दातेरी चाक बदलून, दोर वर किंवा खाली नेता येई. चाळीस लाखांहून अधिक विटा लागल्या. १४२० मध्ये सुरू झालेला घुमट १४३६ मध्ये बंद झाला.

मधल्या काळात, १४३४ मध्ये, दगड-लाकूड कारागिरांच्या संघाने वर्गणी भरली नाही म्हणून ब्रुनेलेस्कीला तुरुंगात टाकले. जगातला सर्वांत धाडसी घुमट बांधणारा माणूस त्या व्यवसायाचा रीतसर सभासद नव्हता. कॅथीड्रलच्या व्यवस्थापकांनी रदबदली करून त्याला सोडवले. त्याची समाधी कॅथीड्रलमध्येच आहे, ती १९७२ च्या उत्खननात सापडली. घुमटावर जायचे तर वेळ ठरवून आधीच तिकीट काढावे लागते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मात्र हा नाद सोडावा, वाट अरुंद आहे आणि लिफ्ट नाही.

भिंतीवरची चित्रे बघण्याआधी ती कशी काढतात हे माहीत असले की डोळा वेगळ्याच गोष्टी टिपू लागतो. खडबडीत गिलाव्यावर लालसर रंगात कच्चे रेखाटन होई. मग त्या दिवशी जेवढे काम उरकेल तेवढ्याच भागावर बारीक चुन्याचा ओला थर देत आणि तो ओला असेतोवर पाण्यात कालवलेला रंग भरत. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा कठीण होतो आणि रंग त्याच्या अंगात कायमचा बसतो. चुकले तर खोडता येत नाही, तेवढा तुकडा छिन्नीने काढून पुन्हा लिंपावा लागतो. म्हणून अशा चित्रात दिवस मोजता येतात. तिरप्या उजेडात बघितले की एका दिवसाच्या गिलाव्याची कड दुसऱ्या दिवसाच्या कडेवर चढलेली दिसते. आकाशाचा मोठा पट्टा एका दिवसात उरकतो, एका चेहऱ्याला अख्खा दिवस लागतो. आपली अजिंठ्याची चित्रे वेगळ्या रीतीची, मातीच्या सुकलेल्या लेपावर डिंकासारख्या बंधकात रंग कालवून केलेली. १९२० च्या सुमारास हैदराबादच्या निझाम सरकारने ती वाचवण्यासाठी इटलीहूनच जाणकार बोलावले होते. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, पण वर दिलेले लाखेचे व्हार्निश पुढे पिवळे पडले.

सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये डाव्या भिंतीवर मासाच्चोचे ‘त्रिमूर्ती’ हे चित्र आहे, १४२७ च्या आसपासचे. मासाच्चो तेव्हा पंचविशीत होता आणि पुढच्याच वर्षी तो गेला. सपाट भिंतीवर त्याने एक कमानदार खोली उघडली आहे. छताचे चौकोन मागे-मागे लहान होत जातात आणि सगळ्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या जवळपास, एकत्र येतात. दोरी ताणून गिलाव्यात दाबलेल्या रेषांच्या खुणा अजून दिसतात. हे चित्र छापील पुस्तकात काहीच करत नाही. पण थोडे मागे सरून बरोबर समोर उभे राहिले, की भिंत नाहीशी होते. १५७० च्या सुमारास चित्रकार आणि वास्तुकार वझारीने त्यावर नवी वेदी उभारली आणि १८६० पर्यंत ते झाकलेलेच राहिले.

मासाच्चोचे दुसरे काम नदीपलीकडे, सांता मारिया देल कार्मिने या चर्चमधल्या ब्रान्काच्ची चॅपेलमध्ये आहे. इथे तो आणि वयाने थोरला मासोलिनो समोरासमोर काम करत होते. एका खांबावर मासोलिनोचे आदम आणि हव्वा, देखणे, निर्विकार. समोरच्या खांबावर मासाच्चोचे, बागेतून हाकलून दिलेले. आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे, हव्वेचे तोंड आक्रोशाने उघडे आहे. मधल्या मोठ्या चित्रात कर वसूल करणारा माणूस ख्रिस्ताच्या वाटेत उभा आहे. फ्लॉरेन्सने मालमत्तेवरचा नवा कर १४२७ मध्ये लावला, त्याच काळातले हे चित्र. सावल्यांकडे बघावे. वेदीमागच्या खऱ्या खिडकीतून उजेड ज्या बाजूने येतो, त्याच बाजूने चित्रातल्या माणसांवर तो पडला आहे. शंभर वर्षे फ्लॉरेन्सचे तरुण चित्रकार इथे बसून नकला करत. मायकेलँजेलोही करत असे, आणि इथल्याच भांडणात तोर्रिजानो नावाच्या सोबत्याने ठोसा मारून त्याचे नाक मोडले. चॅपेलमध्ये एका वेळी थोडीच माणसे आणि थोडाच वेळ सोडतात. नोंदणी आधी करावी.

सान मार्कोचा मठ कोझिमो दे मेदिचीच्या पैशाने नव्याने बांधला गेला. पेढीवाल्याला व्याजाच्या पापाची धास्ती होती आणि मठ बांधणे हे त्यावरचे प्रायश्चित्त. फ्रा आंजेलिको हा इथलाच साधू. जिना चढून वर आले की समोरच त्याचे ‘शुभवार्ता’ हे चित्र, आणि पुढे दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोलीत एक लहान खिडकी आणि तिच्याजवळ एकच चित्र, एका साधूने जन्मभर बघायचे. रंग थोडे, माणसे थोडी, सोने नाही. टोकाला कोझिमोने ध्यानासाठी स्वतःकरता राखलेली दुहेरी खोली आहे. तिथल्या भिंतीवर श्रीमंत राजे भेटी घेऊन आले आहेत. त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला साव्होनारोलाच्या खोल्या. याच साधूने १४९७ मध्ये सिन्योरिया चौकात शृंगाराच्या वस्तू, पुस्तके आणि चित्रे यांची होळी केली, आणि पुढच्या वर्षी २३ मे रोजी त्याच चौकात त्याला फासावर देऊन जाळले. जागा दाखवणारी गोल फरशी तिथे आहे.

मठांच्या भोजनशाळांत ‘अखेरचे भोजन’ काढायची इथे प्रथा होती. साधू जेवायला बसले की भिंतीवरही ताट मांडलेले. सान्त-आपोलोनियात आंद्रेआ देल कास्तान्योने १४४७ मध्ये काढलेले चित्र मला यांत सर्वांत जबर वाटते. पुरुषांना मज्जाव असलेल्या जोगिणींच्या मठात ते एकोणिसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या कोणाच्या दृष्टीलाही पडले नव्हते.

काही कामांचा पत्ता बदलला, आणि त्यामागची कारणेही जाणून घेण्याजोगी आहेत. मायकेलँजेलोचा डेव्हिड कॅथीड्रलच्या वरच्या आधारभिंतीवर चढवायचा होता. दुसऱ्या शिल्पकाराने अर्धवट कोरून सोडलेली आणि कित्येक वर्षे पडून राहिलेली शिळा त्याला मिळाली. १५०१ ते १५०४ या काळात त्याने त्यातून पाच मीटरहून उंच पुतळा काढला. तो बघून शहराने बेत बदलला. कुठे ठेवायचा हे ठरवायला समिती बसली, तीत लिओनार्दो दा विंची आणि बोत्तिचेल्ली दोघेही होते. पुतळा नगरभवनाच्या दारात आला. १५२७ च्या दंगलीत त्याचा डावा हात तुटला, १८७३ मध्ये त्याला आकादेमियात हलवले. डोके आणि उजवा हात जरा मोठे वाटतात. हा पुतळा मुळात खालून, दुरून बघायचा होता हे मनात ठेवून बघावे.

उफीत्सी ही इमारत १५६० पासून वझारीने सरकारी कचेऱ्यांसाठी बांधली. तिथला संग्रह फ्लॉरेन्समध्ये राहिला तो एका बाईमुळे. आना मारिया लुइझा ही इथे राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची शेवटची वारस. घराण्याला पुढे कोणी नाही, राज्य परक्या घराण्याकडे चाललेले. तिने १७३७ मध्ये करार केला. घराण्याची सगळी चित्रे, पुतळे, ग्रंथ आणि रत्ने राज्याला दिली, अट एकच, यातले काही शहराबाहेर जाता कामा नये. ही संपत्ती राज्याची शोभा, जनतेचा उपयोग आणि परदेशी लोकांचे कुतूहल यांसाठी आहे, असे त्या करारात नमूद आहे. इतर घराण्यांचे संग्रह लिलावांत विखुरले. हा राहिला.

अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. बाँबहल्ल्यांच्या भीतीने चित्रे आसपासच्या गढ्यांत हलवली होती. १९४४ च्या जुलैअखेर फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनी येथील गढीत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’ आणि उच्चेल्लोचे ‘सान रोमानोची लढाई’ भिंतींना टेकवून ठेवलेली सापडली. त्या वेळी त्या आघाडीवर आठवी भारतीय डिव्हिजन होती आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन याच डिव्हिजनमधली. त्याच महिन्यात तायबरच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मोन्तोने गावात त्यांचे स्मारक २०२३ मध्ये उभे राहिले. फ्लॉरेन्समधले पूल माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ऑगस्टच्या सुरुवातीला उडवले, फक्त पोन्ते व्हेक्यो ठेवला.

जागच्या जागी राहण्याची किंमतही या शहराने मोजली आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचे पाणी शहरात घुसले, काही भागांत पाच-सहा मीटर चढले, आणि त्यावर तळघरांतल्या टाक्यांमधले इंधनतेल तरंगत होते. सांता क्रोचे चर्चच्या आवारातल्या चिमाबुएच्या भव्य क्रूसावरचा निम्म्याहून जास्त रंग वाहून गेला. गिबेर्तीच्या स्वर्गद्वाराच्या दहापैकी पाच पट्ट्या निखळल्या. राष्ट्रीय ग्रंथालयातले चिखलाने माखलेले ग्रंथ हातोहात बाहेर काढायला देशोदेशींची तरुण मुले जमली. वझारीचे एक ‘अखेरचे भोजन’ दुरुस्त होऊन परतायला २०१६ साल उजाडले. घरांच्या भिंतींवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पाट्या आहेत. त्या बघाव्यात.

मराठी माणसाने आणखी एक पत्ता गाठावा. शहराच्या पश्चिमेला नदीकाठी काशीने हे साडेतीन किलोमीटर लांबीचे उद्यान पसरले आहे. त्याच्या अगदी टोकाला, आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे. हे दुसरे राजाराम. १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या प्रवासात फ्लॉरेन्सला आजारी पडून ३० नोव्हेंबर रोजी वारले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होते. दहनाला तिथला कायदा आड येत होता, त्यामुळे खास परवानगी घ्यावी लागली. विधीसाठी नद्यांचा संगम हवा, तो इथे मिळाला. १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा, पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याने झाला. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, डोक्यावर फेटा, गळ्यात दागिने. महाराजांची या प्रवासातली रोजनिशी १८७२ मध्ये छापून निघाली. शेजारून जाणाऱ्या १९७० च्या दशकातल्या तारांच्या पुलाला फ्लॉरेन्सची माणसे भारतीयाचा पूल म्हणूनच ओळखतात.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बहुतेक सरकारी संग्रहालये सोमवारी बंद असतात. चर्च दुपारी मिटतात, म्हणून ती सकाळी उरकावीत. रस्त्याकडेच्या गाड्यांवर मिळणारे लाम्प्रेदोत्तो हे गाईच्या पोटाचे असते. शाकाहाऱ्यांनी रिबोल्लिता मागावी, शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून शिजवलेली. मात्र रस्सा कशाचा आहे ते विचारून घ्यावे. इथल्या पावात मीठ नसते.

आणि खिशात सुटी नाणी ठेवावीत. सांता त्रिनिता चर्चमध्ये प्रवेश मोफत आहे. वेदीच्या उजवीकडचे चॅपेल अंधारात असते, पेटीत नाणे टाकले की थोडा वेळ दिवा लागतो. हे फ्रान्चेस्को सास्सेत्तीचे चॅपेल. मेदिचींच्या पेढीचा हा मुख्य कारभारी, आणि त्याच्याच कारकिर्दीत ती पेढी डबघाईला आली. १४८० च्या दशकात त्याने गिर्लांदायोकडून संत फ्रान्सिसचे चरित्र भिंतींवर काढून घेतले. मधल्या चित्रात खिडकीतून पडून मेलेले मूल संत जिवंत करतो. हा चमत्कार गिर्लांदायोने चर्चच्या समोरच्याच चौकात घडवला आहे. डावीकडे स्पीनी घराण्याचा वाडा, मागे सांता त्रिनिता पूल, उजवीकडे हेच चर्च, भोवती सास्सेत्तीचे नातेवाईक आणि ओळखीचे लोक. दिवा विझला की बाहेर पडून पायऱ्यांवर उभे राहावे. वाडा समोरच आहे. पूल १९४४ मध्ये उडाला होता, तो नदीतून काढलेले मूळ दगड वापरून १९५८ मध्ये पुन्हा बांधला. मग आणखी एक नाणे घेऊन आत जावे आणि चित्रातली खिडकी कोणती ते शोधावे.